जिल्हा वृत्तपत्र संघाचे सभासद व्हावे का? लांज्याच्या एका साप्ताहिकाच्या मालकांना उत्तर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या लांजा तालुक्यातून आपण ४ वर्षे साप्ताहिक काढत आहात, १,८०० प्रती छापता आणि त्यांतल्या ५०० च्या आसपास प्रती मुंबईच्या वर्गणीदारांना टपालाने जातात. जिल्ह्यातील वृत्तपत्र मालकांच्या संघाने ५,००० रुपये प्रवेश शुल्क आणि २,००० रुपये वार्षिक वर्गणी मागितली आहे. आपले एक स्नेही म्हणतात की संघ म्हणजे ६ जानेवारीची, पत्रकार दिनाची, शाल आणि श्रीफळ, त्यापलीकडे काही नाही. दुसरे म्हणतात की संघात गेल्याशिवाय सरकारी जाहिरातीचे तोंड दिसत नाही. यातले खरे काय, आणि पैसे भरावेत की नाही, असे आपण विचारले आहे.

उत्तर देण्याआधी माझी बाजू सांगतो, म्हणजे माझ्या मताला किती किंमत द्यायची ते आपल्याला ठरवता येईल. मी याच किनाऱ्यावर २६ वर्षे एक लहान दैनिक चालवले. त्यांतली ९ वर्षे अशाच एका संघाचा सचिव होतो, आणि सचिवपद सोडले ते भांडून सोडले. त्यामुळे संघाचा उपयोगही मी पाहिला आहे आणि त्याची सोंगेही.

संघ आपल्याला काय देतो हे विचारण्याआधी, आपल्या अडचणींपैकी कोणती अडचण एकट्याने सुटत नाही, हे पाहावे असे मला वाटते. बातमी मिळवणे, अंक ठरल्या वारी काढणे, वर्गणी वसूल करणे, गावोगावचा वार्ताहर सांभाळणे ही कामे ज्याची त्यालाच करावी लागतात आणि कोणताही संघ त्यात बोट लावू शकत नाही. काही कामे मात्र अशी असतात की ती एकट्याने करायला गेले तर होत नाहीतच, वर करणाऱ्याचे नाव वाईट होते. त्या कामांपुरता संघ लागतो. आपल्याकडे अशी कामे किती आहेत, त्यावर उत्तर अवलंबून आहे.

पण त्याआधी एक घोळ निस्तरला पाहिजे. पत्रकारांचा संघ आणि वृत्तपत्रांचा संघ या दोन वेगळ्या संस्था आहेत. कोकणात त्या एक वाटतात, कारण इथे मालक, मुद्रक, प्रकाशक, संपादक आणि बुधवारी रात्री गठ्ठ्यांना सुतळी बांधणारा माणूस पुष्कळदा एकच असतो. मराठी पत्रकार परिषद १९३९ ची. तिचे आणि तिच्यासारख्या संघटनांचे विषय म्हणजे अधिस्वीकृती पत्रिका (पत्रकाराला सरकारकडून मिळणारे मान्यतेचे ओळखपत्र), पत्रकारांवरील हल्ले, ज्येष्ठ पत्रकारांना मिळणारे मानधन. इंडियन न्यूजपेपर सोसायटी हीदेखील १९३९ ची, आणि भारतीय भाषांतील वृत्तपत्रांची ‘इल्ना’ १९४१ ची. त्यांचे विषय कागद, आयात शुल्क, जाहिरातीचा दर, टपालाची सवलत. पहिली संस्था काम करणाऱ्या माणसाची आणि दुसरी धंद्याची. दोघींचे हितसंबंध नेहमी जुळतात असेही नाही. वृत्तपत्रांतल्या नोकरांच्या पगारासाठी नेमलेल्या मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी केंद्र सरकारने नोव्हेंबर २०११ मध्ये अधिसूचित केल्या, तेव्हा मालकांच्या बाजूने त्यांना सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले, पत्रकारांच्या संघटना शिफारशींच्या बाजूने उभ्या राहिल्या, आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये निकाल शिफारशींच्या बाजूने लागला. आपल्याकडे पगारी माणूस एखादाच असेल, म्हणून हा वाद आपल्याला दूरचा वाटेल. तरीही ज्या संस्थेला वर्गणी देणार तिच्या घटनेत उद्देश कोणता लिहिला आहे, हे वाचून घ्यावे. अधिस्वीकृतीसाठी मालकांच्या संघात आलेले आणि मग वर्षभर कुरकुरत बसलेले सभासद मी पुष्कळ पाहिले आहेत.

आता सरकारी जाहिरातीविषयी. संघाचे सभासदत्व आणि शासनमान्य जाहिरात यादी, म्हणजे सरकारी जाहिरातींसाठी पात्र पत्रांची यादी, यांचा थेट संबंध नाही. यादीवर नाव यायचे ते अंकाच्या नियमितपणावर, खपाच्या पुराव्यावर आणि कागदपत्रांवर येते. अर्ज आपणच जिल्हा माहिती कार्यालयात द्यायचा असतो. केंद्राच्या वर्गवारीत २५,००० प्रतींपर्यंतचे पत्र लहान, ७५,००० पर्यंतचे मध्यम आणि त्यापुढचे मोठे. म्हणजे आपण, मी आणि कोकणातली बहुतेक पत्रे लहानांतही तळाशी आहोत. ‘आम्ही यादीवर घालून देतो’ असे जर संघाचा कोणी पदाधिकारी म्हणत असेल, तर तेवढ्या एका वाक्यावरून मी त्या संघापासून दूर राहीन. संघाने करायचे काम वेगळे आहे: अर्ज कसा भरावा हे सांगणे, नियम बदलला की सभासदांना कळवणे, आणि नियम लहान पत्रांना जाचक असेल तर वर लिहिणे. प्रेस अँड रजिस्ट्रेशन ऑफ पीरिऑडिकल्स हा २०२३ चा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झाला, १८६७ चा जुना कायदा गेला आणि जिल्हादंडाधिकाऱ्यांपुढे जाऊन घोषणापत्र करण्याची पद्धतही त्याबरोबर गेली. सगळे ऑनलाइन झाले. त्या उन्हाळ्यात मंडणगडपासून दोडामार्गापर्यंत जे वयस्क संपादक संगणकाला हात लावत नाहीत, त्यांचे लॉगिन तयार करून देणे हे एका चांगल्या संघाचे खरे काम होते. काही ठिकाणी ते झाले आणि काही ठिकाणी पदाधिकाऱ्यांनी फक्त नव्या कायद्यावर व्याख्यान ठेवले.

एकट्याने न होणाऱ्या कामांत मी पहिला नंबर थकलेल्या बिलांना देईन. एका स्थानिक स्वराज्य संस्थेकडे आमच्या ११ पत्रांची बिले थकली होती. काहींची ३ वर्षांची होती. प्रत्येक जण आपापला जाऊन यायचा. लेखा विभागात ‘निधी आला की बघू’ हे उत्तर, साहेबांच्या दालनापाशी ‘साहेब मीटिंगला’ हे उत्तर. कोणी आवाज चढवत नसे, कारण चढवला तर पुढच्या निविदेच्या जाहिरातीचा आदेश दुसऱ्या पत्राला जाणार हे सगळ्यांना ठाऊक होते. या भीतीतच ती थकबाकी मुरली होती. आम्ही संघाच्या वतीने फुलस्केप कागदावर एक तक्ता केला: जाहिरात आदेशाचा क्रमांक, प्रसिद्धीची तारीख, आकार चौरस सेंटीमीटरमध्ये, बिलाचा क्रमांक, रक्कम, किती दिवस थकले. पत्रांची नावे अकारविल्हे लावली, म्हणजे कोणाचे नाव पुढे केले असा प्रश्नच राहिला नाही. तक्ता करताना आमचीच लाज निघाली ती अशी की ११ पैकी ४ जणांकडे मूळ आदेशाची प्रत नव्हती आणि २ जणांनी बिलच पाठवले नव्हते. ती कागदपत्रे आधी गोळा केली, मग तक्ता मुख्याधिकाऱ्यांना दिला, आवक शिक्का घेतला आणि एक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयाला दिली. बहुतेक रक्कम अडीच महिन्यांत आली. हे काम करायला फार अक्कल लागली नाही. मात्र एकट्याने केले असते तर ते पत्र कायमचे वगळले गेले असते.

दुसरे काम कायदेशीर सूचनांचे, आणि याबद्दल मी जरा सविस्तर लिहितो, कारण संघांनीही याकडे फारसे लक्ष दिलेले नाही. अनेक कायद्यांत सूचना वृत्तपत्रात छापण्याचे बंधन आहे, पण कोणत्या वृत्तपत्रात, याचे शब्द निरनिराळे आहेत. राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन घेताना अधिसूचनेचा सारांश दोन ‘स्थानिक’ वृत्तपत्रांत आणि त्यांतले एक स्थानिक भाषेतले, असे कलम आहे. हरकतीला मुदत २१ दिवसांची. भूसंपादनाच्या २०१३ च्या कायद्यात शब्द ‘दैनिक’ असा आहे, त्यामुळे आपले साप्ताहिक तिथे बसत नाही. पर्यावरणविषयक जनसुनावणीची सूचना २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे एका मोठ्या राष्ट्रीय दैनिकात आणि एका प्रादेशिक भाषेतील दैनिकात द्यावी लागते. बँकेने कर्जदाराच्या मालमत्तेचा ताबा घेतला तर ७ दिवसांत दोन आघाडीच्या वृत्तपत्रांत सूचना, आणि त्यांपैकी एक त्या भागात पुरेसा खप असलेले स्थानिक भाषेतील वृत्तपत्र असावे लागते.

हे शब्द नीट वाचले की संघाची जागा कळते. ‘स्थानिक’ म्हणजे काय आणि ‘त्या भागात पुरेसा खप’ म्हणजे किती, हे ठरवणारा कारकून शहरात बसलेला असतो. त्याच्यासमोर दरपत्रके असतात, तालुक्याचा नकाशा नसतो. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांतल्या किती जणांनी सूचना छापलेला अंक हातात धरला होता, हे आपण आपल्याच तालुक्यात विचारून पाहा. सामाईक सातबारा, अर्धे हिस्सेदार मुंबईत, एक पुण्यात, गावात एकटी म्हातारी, अशा घरात २१ दिवस कसे निघून जातात ते आपण जाणताच. आम्ही संघात ३ महिने खपून एक तालुकावार पत्रक केले होते: कोणते पत्र कोणत्या गावात किती वाजता पोहोचते आणि तिथल्या विक्रेत्याकडे सरासरी किती प्रती उतरतात. आकडे मालकांकडून घेतले नाहीत, विक्रेत्यांकडून घेतले. त्यावरून दोन सभासद रागावले, कारण त्यांनी यादीवर दाखवलेला खप आणि विक्रेत्याने सांगितलेला आकडा यांत दिवस-रात्रीचे अंतर निघाले. ते पत्रक आम्ही जिल्ह्यातल्या तीन कार्यालयांना दिले. दोघांनी ते वापरले, तिसऱ्याने बासनात बांधून ठेवले. तरीही माझ्या ९ वर्षांतले सर्वांत उपयोगी काम मी यालाच म्हणेन, कारण त्यातून पत्रांचा फायदा झाला आणि वाचकाचाही झाला. संघाच्या कामात हे दोन्ही एकदम साधण्याचे प्रसंग थोडे असतात.

तिसरे काम वितरणाचे. देशावर एक गाडी सरळ रस्त्याने चार तालुके करते. इथे खाडी आडवी येते, घाट आडवा येतो आणि पावसाळ्यात दरड आडवी येते. पुष्कळ पत्रांचे गठ्ठे वर्षानुवर्षे एसटीच्या पार्सलने गेले. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस एसटीचा संप सुरू झाला आणि तो २०२२ च्या एप्रिलपर्यंत रेंगाळला, तेव्हा लहान पत्रांचे कंबरडे मोडायची वेळ आली. आमच्याकडे एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या तीन पत्रांनी मिळून एक टेम्पो लावला. पहाटे साडेतीनला हातखंबा तिठ्यावर गठ्ठे बदलायचे: रत्नागिरीकडून आलेले दक्षिणेच्या टेम्पोत आणि त्यातले परतीचे अंक आमच्या गाडीत. डिझेल प्रतींच्या प्रमाणात वाटून घेतले. पहिल्या आठवड्यात गठ्ठ्यांवर गावाची नावे शाईने लिहिली होती. दवाने शाई पसरली आणि पालीचा गठ्ठा लांज्याला, लांज्याचा राजापूरला गेला. मग एका जुन्या विक्रेत्याने सुचवले की नावे लिहूच नका, गावागणिक सुतळीचा रंग बदला. तेव्हापासून गठ्ठा चुकला नाही. हे सगळे संघाच्या बैठकीत ठरले, कारण त्या तिघांना एकमेकांना फोन करणे मानहानीचे वाटत होते आणि बैठकीत समोरासमोर बसणे वाटत नव्हते. संघाचा हा उपयोग घटनेत कुठेही लिहिलेला नसतो.

एप्रिल २०२० मध्ये राज्य सरकारने करोनामुळे घरोघरी अंक टाकायला बंदी केली आणि काही दिवसांतच ती बऱ्याच भागांत शिथिल केली, तो प्रसंगही आठवावा. अशा वेळी आदेशाचा अर्थ तालुक्याचा पोलीस एक लावतो आणि जिल्ह्याचा अधिकारी दुसरा. नाक्यावर अडवलेल्या पोऱ्याच्या हातात प्रशासनाच्या पत्राची प्रत असली की तो सुटतो. ते पत्र जिल्ह्यातल्या पंधरा वृत्तपत्रांनी पंधरा वेळा मागायचे, की एका संघाने एकदा, इतकाच प्रश्न असतो.

जे काम संघाने करू नये तेही माझ्या चुकीवरून सांगतो. कागद महाग झाला होता म्हणून एके वर्षी आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, बेगमी करावी तसे आम्ही ५ सभासदांनी संघाच्या नावाने एकत्र कागदाचे रीळ खरेदी केले. भाव चांगला मिळाला. गोदाम मी पाहिले होते, कौले शाबूत होती, खाली फळ्या टाकल्या होत्या, आणि माझी खात्री होती की काही होणार नाही. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात छपाईला बसलो तर मशीनवर कागद दर काही मिनिटांनी तुटायला लागला. पाणी कुठूनच लागले नव्हते. हवेतला ओलावाच रिळांच्या कडांनी पिऊन घेतला होता. वरचे दोन-तीन बोटांचे पदर सोलून टाकले तेव्हा आतला कागद कामाला आला, पण रद्दीत गेलेल्या वजनात भावातला सगळा फायदा गेला आणि नुकसान कोणी किती सोसायचे यावर दोन सभासदांनी अबोला धरला. संघाने स्वतः व्यापार करू नये असे मी तेव्हापासून मानतो. भाव विचारून सभासदांना कळवावा, खरेदी ज्याची त्याने करावी. जाहिरातीचा दर किंवा अंकाची किंमत सगळ्यांनी मिळून अमुकच ठेवायची, असा ठरावही करू नये. एका धंद्यातल्यांनी आपसांत किंमत ठरवणे २००२ च्या स्पर्धा कायद्याला धरून नाही, हे बऱ्याच पदाधिकाऱ्यांच्या गावीही नसते.

कागदाच्या किमतीचा मूळ प्रश्न जिल्ह्याच्या हातचा नाहीच. जुलै २०१९ च्या अर्थसंकल्पात आयात केलेल्या वृत्तपत्रीय कागदावर १० टक्के शुल्क लागले, मालकांच्या राष्ट्रीय संघटनांनी सतत पाठपुरावा केला आणि पुढच्या फेब्रुवारीत ते ५ टक्क्यांवर आले. आपण आयात करत नाही, कोल्हापुरातून रीम आणता. पण बाहेरचा कागद महागला की देशी गिरण्याही भाव चढवतात, म्हणून त्या लढाईचे फळ आपल्यापर्यंत पोहोचतेच. वृत्तपत्रांविषयीच्या आणि वृत्तपत्रांच्या तक्रारी ऐकणाऱ्या प्रेस कौन्सिलवर अध्यक्षांखेरीज २८ सदस्य असतात, त्यांत वृत्तपत्र चालवणाऱ्यांच्या ६ जागा, आणि मोठ्या, मध्यम व लहान पत्रांना प्रत्येकी २. ही नावे राष्ट्रीय संघटनांकडून जातात. आपण आज तिथे थेट सभासद होण्याची गरज मला दिसत नाही. जिल्ह्याचा संघ वरच्या संस्थेशी जोडलेला आहे का आणि तिकडची परिपत्रके सभासदांना पाठवतो का, एवढे पाहिले तरी पुरे.

दबाव आणि धोका याविषयी मी थोडक्यातच लिहीन, कारण इथे संघाची ताकद फार आहे असे सांगणे खोटे ठरेल. फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापूरला रिफायनरीविषयी लिहिणाऱ्या एका पत्रकाराला गाडीने उडवले, त्यांचा मृत्यू झाला आणि पोलिसांनी खुनाचा गुन्हा दाखल केला, हे आपल्या शेजारच्या तालुक्यातले आहे. महाराष्ट्रात पत्रकार आणि माध्यमसंस्थांवरील हल्ल्यांविरुद्धचा कायदा विधिमंडळाने २०१७ मध्ये संमत केला. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, शिक्षा ३ वर्षांपर्यंत, तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे. पण ठाण्यात फिर्याद लिहून घेताना हे कलम आपोआप लागत नाही, लावून घ्यावे लागते, आणि त्यासाठी रात्री अकराला ठाण्यात चार माणसे येऊन बसावी लागतात. मानहानीची नोटीस आली तरी तसेच. बहुतेक नोटिसा घाबरवण्यासाठी असतात. संघाचा एक ठरलेला वकील असेल आणि त्याने दोन परिच्छेदांचे उत्तर दिले, तर पुष्कळ प्रकरणे तिथेच थांबतात. पोलीस किंवा प्रशासनाने बातमीपायी त्रास दिला तर वृत्तपत्रालाही प्रेस कौन्सिलकडे तक्रार करता येते. कौन्सिलला शिक्षेचा अधिकार नाही, हे खरे. पण उत्तर द्यावे लागणे हेच काही कार्यालयांना जड जाते.

इथपर्यंत मी संघाच्या बाजूने अधिक बोललो. आता त्याच्या दुखण्यांविषयी, कारण मी भांडलो ते त्यावरूनच.

पहिले दुखणे फायलीपुरत्या पत्रांचे. आपल्याला ही जात माहीत असेल: जाहिरात आली की ५०-६० प्रती छापायच्या, एक माहिती कार्यालयाला, एक जाहिरातदाराला, उरलेल्या कपाटात. अशा पत्रांना मत एकच असते आणि ते आपल्या मताइतकेच मोजले जाते. निवडणुकीत ही मते लागतात, म्हणून संघ त्यांच्याविषयी बोलत नाही. मग तोच संघ जेव्हा ‘ग्रामीण पत्रांवर अन्याय होतो’ असे निवेदन घेऊन जातो, तेव्हा समोरचा अधिकारी मनात हसतो, कारण कपाटातल्या प्रती त्यालाही ठाऊक असतात. सभासदत्वासाठी चालू ३ महिन्यांचे अंक आणि छापखान्याची बिले मागावीत, असा ठराव मी मांडला होता. तो ७ विरुद्ध १९ मतांनी पडला आणि पुढच्या महिन्यात मी राजीनामा दिला. आज मागे वळून पाहता राजीनामा घाईचा होता असे वाटते. आणखी एक वर्ष चिकाटी धरली असती तर कदाचित ठराव झाला असता. पण ते असो.

दुसरे दुखणे कागदोपत्री. बहुतेक संघ १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि महाराष्ट्राच्या विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेले असतात. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. तो दिला जात नाही, तीन-तीन कार्यकारिण्या नोंदीविना येऊन जातात, आणि एके दिवशी दोन गट ‘आम्हीच मूळ संघ’ म्हणत एकाच नावाची दोन लेटरहेडे छापतात. बँकेचे खाते गोठते, आणि आपली वर्गणी त्यात अडकते.

तिसरे म्हणजे संघाच्या नावाचा खाजगी वापर. एका सभासदाचे ठेकेदाराशी वैयक्तिक देणे-घेणे होते आणि त्याने संघाच्या लेटरहेडवर त्या ठेकेदाराच्या कामांची चौकशी मागितली. आम्हाला ते महिन्याने कळले. त्यानंतर आमच्या खऱ्या निवेदनांकडेही लोक तशाच नजरेने पाहू लागले.

६ जानेवारीच्या हाराला माझा विरोध नाही, हेही सांगून टाकतो. बाळशास्त्री जांभेकर देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे, १८३२ मध्ये त्यांनी ‘दर्पण’ काढले, आणि वर्षातून एक दिवस आपण त्यांच्या नावाने एकत्र बसलो तर बिघडत काही नाही. बिघडते ते उरलेले दिवस संघ बंद असला तर.

म्हणून पैसे भरण्याआधी आपण एक करावे. संघाच्या सचिवांना भेटायला जावे आणि आवक-जावक नोंदवही पाहायला मागावी. अहवाल मागू नये. अहवालात सगळेच संघ थोर असतात. जावक वहीत मागच्या दोन वर्षांत कोणाला पत्रे गेली ते पाहावे. अभिनंदनाची, सत्काराची आणि शोकसभेची पत्रे सोडून द्यावीत. उरलेल्यांत थकीत बिले, सूचना, एसटी किंवा टपाल, कागद, एखाद्या सभासदावरचा दबाव, यांविषयी १०-१२ पत्रे असतील आणि त्यांतल्या निम्म्यांपुढे आवक बाजूला काही उत्तर नोंदलेले असेल, तर ७,००० रुपये खुशाल भरावेत. आपल्या ५०० टपाली प्रतींपायी टपाल कार्यालयाशी जो पत्रव्यवहार आपण एकटे करत आहात, तेवढ्या एका कामातही त्यातला बराच भाग वसूल होईल. वहीच नसेल, किंवा आहे पण ‘अध्यक्षांकडे घरी आहे’ असे उत्तर मिळाले, तर एक वर्ष थांबावे आणि आजूबाजूच्या तालुक्यांतल्या तीन-चार नियमित पत्रांशी तक्त्यापुरते आणि टेम्पोपुरते जमवून घ्यावे. नोंदणी नसलेला असा जुगाड पुष्कळदा नोंदलेल्या संघापेक्षा कामाचा ठरतो.

भरायचेच ठरले तर धनादेशाने भरावे, पावतीवर नोंदणी क्रमांक असल्याची खात्री करावी आणि शेवटचा बदल अर्ज केव्हा दाखल झाला ते विचारावे. या शेवटच्या प्रश्नावर सचिवांनी चटकन तारीख सांगितली, तर तो माणूस काम करतो असे धरायला हरकत नाही.